माहेर-दुरुस्ती

जुईचा पहिला दात शाळेच्या बसमध्ये पडला. तिने तो वहीच्या कागदात गुंडाळून दप्तरात ठेवला आणि घरी आल्या आल्या माझ्या हातात दिला. सात वर्षांची पोर, पण आईची नोकरी काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तुझ्या मशीनमध्ये घाल," ती म्हणाली. जुई जरा मोठ्यानेच बोलते, कारण तिला स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. दोन्ही कानांना यंत्र आहे, तरी शिट्टी, पाखरं आणि बारीक आवाजाच्या बाया तिच्यासाठी जवळजवळ नसल्यासारख्याच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आनुवंशिक असेल. माझ्या घरात कोणी बहिरं नाही, माझ्या नवऱ्याच्या, कौस्तुभच्या घरातही नाही. पण डॉक्टर 'असेल' म्हणाले की आपण मान हलवतो. आम्हीही हलवली.

मी तेव्हा पुण्यात नदी दक्षता विभागाच्या दंतवाचन प्रयोगशाळेत होते. हे नाव सांगितलं की लोक हसायचे. नदीचा आणि दातांचा काय संबंध, असं विचारायचे. पहिल्या दिवशी मीही हसले होते, तेव्हा त्यांना दोष देत नाही.

संबंध असा आहे. दुधाचे दात हिरडीतून वर येतात ते बाळ सहा-सात महिन्यांचं झाल्यावर. पण ते घडायला लागतात आईच्या पोटात, चौथ्या महिन्याच्या आसपास. रोज एक पातळ थर चढतो. त्या दिवशी आईच्या रक्तात जे काही फिरत असेल त्याचा अंश त्या थरात अडकतो आणि तिथेच राहतो. जन्माच्या दिवशी बाळाला जो धक्का बसतो त्याची एक ठळक रेघ दातात उमटते. आम्ही तिला जन्मरेघ म्हणतो. ती सापडली की पुढचं काम सोपं. रेघेपासून मागे मोजत जायचं, एक थर म्हणजे एक दिवस. यंत्र लेझरने एकेका थराला बारीक चटका देतं, त्यातून निघालेली वाफ तपासतं आणि पडद्यावर पट्टी काढतं. स्वच्छ दिवस पांढरे, बाकीचे काळे.

आम्ही शोधत होतो ते 'एल-सतरा'. गाडीच्या बॅटरीने पेट घेऊ नये म्हणून तिच्यातल्या द्रवात हे रसायन घालायचे. त्यात फ्लोरिन असतं आणि फ्लोरिनची कॅल्शियमशी जुनी सलगी, म्हणून ते दातात जाऊन बसतं. मोठ्या माणसाला त्याने फारसं काही होत नाही. पोटातल्या बाळाच्या थायरॉईडला मात्र ते फसवतं, आणि कानाच्या नसा त्याच महिन्यांत, थायरॉईडच्याच जोरावर घडत असतात.

कोकणातल्या वरंडी नदीच्या काठी बॅटरीचा एक कारखाना होता. सात वर्षं तो एल-सतरा नदीत सोडत होता. मग सरकार जागं झालं. सरकार जागं झालं म्हणजे काय काय होतं ते मी आतून पाहिलेलं आहे. आधी समिती झाली. मग समितीच्या अहवालावर दुसरी समिती. मग काठावर पिवळ्या पाट्या, मग कारखान्याला टाळं, आणि सगळ्यात शेवटी 'वरंडी बाधित बालक योजना'. ही योजना मात्र खरोखर चांगली होती. नवीन श्रवणतंतू उपचार निघाला होता. कानाच्या मागे सहा सुया, मरगळलेल्या नसा पुन्हा वाढतात, मूल ऐकू लागतं. आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत द्यायला हवा, नंतर नसा दाद देत नाहीत. उपचार एकाच रुग्णालयात, कंपनीकडून वसूल केलेल्या निधीतून, आणि फक्त योजनेच्या यादीतल्या मुलांना. बाहेर तो कुठे मिळत नव्हता.

यादीत यायला दोन गोष्टी लागत. दातात एल-सतरा हवं आणि गर्भारपणात आईचा पत्ता नदीकाठचा हवा.

गावोगावी दवंडी दिली गेली की आता दात कौलावर फेकू नका, आम्हाला द्या. तरी पहिल्या वर्षी आमची माणसं शिड्या लावून कौलं चाळत होती.

घोळ झाला तो दुसऱ्या अटीत. पुणे, नाशिक, कल्याण अशा ठिकाणांहून पाकिटं यायला लागली. आई-बापांनी स्वतःहून पाठवलेली. मुलाला ऐकू येत नाही, दात बघा. दातात एल-सतरा सापडायचं, पत्ता मात्र नाशिकचा. मग आमची प्रणाली शेरा मारायची, 'पत्ता जुळत नाही, नमुना दूषित', आणि फाईल बंद. अशी त्रेसष्ट पाकिटं झाल्यावर मी एका दुपारी सगळ्या पट्ट्या एकाखाली एक लावून पाहिल्या. सगळ्यांची तऱ्हा एकच. सहावा महिना संपेपर्यंत सगळं पांढरं स्वच्छ, आणि सातव्यात एकदम काळं. हळूहळू वाढत गेलेलं काळं नव्हतं ते. एका दिवसात बदललेलं होतं.

मी पट्ट्या आमच्या साहेबांना, वाघधरेंना दाखवल्या. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"असं कसं होईल? नदी काय नाशिकला गेली?"

"नदी नाही गेली, साहेब. मुली आल्या."

त्यांना कळेना. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मिसेस पहिल्या वेळी कुठे होत्या?"

"पहिल्या वेळी म्हणजे... माहेरी. सगळ्याच जातात की, सातव्यात." आणि ते खुर्चीत मागे टेकले.

प्रणाली लिहिणाऱ्या इंजिनियरची आईसुद्धा त्याच्या वेळी बहुधा माहेरीच गेली असेल. पण त्याने अर्जात पत्त्याची एकच चौकट ठेवली होती, आणि त्या चौकटीत सासरचा पत्ता बसला. वरंडीकाठच्या त्रेसष्ट लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या, आईच्या हातचं जेवल्या, बाळ घेऊन परत गेल्या आणि कागदावर कधी आल्याच नाहीत.

मी दुरुस्तीचा प्रस्ताव लिहिला. ऑफिसात तिला 'माहेर-दुरुस्ती' नाव पडलं. वाघधरे म्हणाले, "कंपनीचे वकील ऐकायचे नाहीत. म्हणतील, मासे काय, बाजारात कुठूनही येतात. एक तरी प्रकरण असं हवं की मुलगी कोणत्या दिवशी माहेरी पोचली, काय खाल्लं, सगळं पुराव्याने उभं राहील. एक नमुना प्रकरण मिळालं की बाकीचे बासष्ट त्याच्या मागे येतात."

त्रेसष्टांतल्या एकीलाही नक्की तारीख आठवेना. आणि त्याच आठवड्यात जुईचा दात पडला.

माझं माहेर तिवरवाडी. वरंडीच्या खाडीवर, कारखान्यापासून वरच्या अंगाला. आम्ही खारवी, खाडीवरच जगलेली माणसं. मी दात यंत्रात ठेवला. पट्टी उमटली. जन्मरेघेपासून मागे मोजलं. एकाहत्तर दिवस काळे, आणि त्याआधी सगळं पांढरं. तारीख निघाली अठरा नोव्हेंबर. सतरा नोव्हेंबरला मी तिवरवाडीला पोचले होते. गाडीचं तिकीट, आरोग्य केंद्रातली नोंद, सगळं माझ्याजवळ होतं. जुईमुळे त्रेसष्ट हा आकडा चौसष्ट झाला, आणि नमुना प्रकरणही मिळालं.

एवढंच असतं तर ही गोष्ट सरळ होती. पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि ती ऑफिसात माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हती.

*

माहेर-दुरुस्तीवर जनसुनावणी ठरली आणि तीत आईचीही साक्ष होती. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी जुईला घेऊन तिवरवाडीला गेले. आई पडवीत बसून जाळ्याची फाटकी जागा विणत होती. जाळं आता कोणी पाण्यात टाकत नाही. पण ती विणते, हाताला चाळा हवा म्हणून. जुई शेजारच्या पोरांत पळाली. मी आईसमोर पट्टीचा कागद पसरला आणि सगळं सांगितलं.

आई सातवी शिकलेली आहे. तिने कागद डोळ्यांजवळ नेला आणि पांढरं संपून काळं सुरू होतं तिथे बोट ठेवलं.

"ह्या कधीचं?"

"अठरा नोव्हेंबरचं."

"तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीचं," आई म्हणाली. "त्या दिवशी मी खाडीतल्या बोयटाचं कालवण केलेलं. तू दोनदा भात घेतलास. मी म्हटलं, पोरीचा चेहरा बघ कसा उतरलाय, तिकडं कोण घालतं हिला." बोट पुढे सरकलं. "ह्यो जास्ती काळा कधीचा?"

"डिसेंबरचा तिसरा आठवडा."

"तिसऱ्या. तुला डोहाळे लागलेले तिसऱ्यांचे. मी रोज सुकतीला, पाणी उतरलं की चिखलात शिंपल्या वेचायला जायची." तिने कागद खाली ठेवला. "म्हणजे मीच घातलं."

"आई, तसं नाही."

"कसं नाय? मशीन खोटं बोलतं काय? माज्या हातानं घातलं, रोज. वाढून वाढून घातलं."

ती रडली नाही. जाळ्याची सुई उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मला ते सहन होईना. म्हणून जे सांगायचं मी सात वर्षं टाळलं होतं ते सांगून टाकलं.

त्या वर्षी मी याच विभागात रत्नागिरीला होते, वरंडी माझ्याकडेच होती. ऑक्टोबरात दोन नमुन्यांत एल-सतरा सापडलं. नियम असा, की तीन नमुने, एकाच जागी, पंधरा-पंधरा दिवसांनी, आणि तिन्ही वाईट आले तरच लोकांना सांगायचं. उगाच घबराट नको. मी चौदा नोव्हेंबरला पाट्यांच्या आदेशाचा मसुदा केला, तो प्रणालीत ठेवला आणि बाळंतपणाच्या रजेवर निघाले. नमुन्यांची जागा कारखान्याच्या खाली होती. तिवरवाडी वर. पाणी समुद्राकडे जातं, आपल्याकडे कशाला येईल, असं मी मनाशी म्हटलं. मी खाडीवरची पोर. दिवसातून दोनदा भरती पाणी उलटं वर आणते, हे मला चालता यायच्या आधीपासून माहीत. पण शिक्षण पुण्यात झालं आणि पुण्याच्या नद्या एकाच दिशेने वाहतात. पुस्तकातली नदी डोक्यात बसली आणि अंगणातली विसरले.

डिसेंबरात ऑफिसातून कारकुनाचा फोन आला. तिसरा नमुना आलाय मॅडम, वाईटच आहे, आदेशावर तुमची सही लागते, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय तेवढा सांगा. मी ह्याच पडवीत खाटेवर पडले होते. पोट जड, जेवण झालेलं, डोळ्यांवर झापड. ओटीपी बघायचा तर उठून आतून चष्मा आणायला हवा होता. मी म्हटलं, "घाई काय आहे? नंतर बघू."

नंतर जुई झाली. कारकुनाची बदली झाली. माझ्या जागी आलेल्या माणसाला माझ्या सहीवर अडकलेली फाईल दिसतच नव्हती. जुलैत मी रजेवरून परतले, फाईल उघडली, सही केली, आणि आठवडाभरात पाट्या लागल्या. पाटीवर तारीख छापली गेली चौदा नोव्हेंबर, कारण प्रणाली मसुद्याची तारीख उचलते. कोणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

"त्या सात-आठ महिन्यांत चौसष्टातल्या निम्म्या बाया माहेरी येऊन गेल्यात, आई. मी फक्त चष्मा आणायचा होता."

आईने पट्टीच्या कागदाची घडी घातली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं.

"हे हापिसात कळलं तर?"

"चौकशी होईल. नोकरी जाईल बहुतेक."

"कौस्तुभरावांना सांगितलंस?"

"नाही."

"कुणाला सांगू नको," आई म्हणाली. "उद्या मला काय विचारणार हायत?"

"जुईच्या वेळी काय काय खाऊ घातलं तेवढंच. खरं ते सांग. पाटीचं कोणी विचारणार नाही."

हे मी कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

*

सुनावणी तालुक्याच्या पंचायत समितीच्या सभागृहात होती. व्यासपीठावर आयोगाच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश ताम्हाणेबाई. एका बाजूला आमचा विभाग, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील बेंद्रे. समोर खुर्च्यांवर त्या सगळ्या लेकी, नाशिकच्या, कल्याणच्या, एकेका मुलाला मांडीवर घेऊन. बहुतेक मुलांच्या कानात यंत्रं होती आणि ती एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होती. सभागृह भरलेलं असून पोरांचा आवाज नव्हता. तसं सभागृह मी कधी पाहिलेलं नाही आणि पुन्हा पाहावंसं वाटत नाही.

मी पट्टी दाखवली, जन्मरेघ समजावली, तिकीट दाखवलं. ताम्हाणेबाईंनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही शहाण्या माणसाचे. मग आईला बोलावलं. निळं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. ती एखाद्या लग्नाला आल्यासारखी तयार होऊन आली होती.

बेंद्रे गोड बोलणारे गृहस्थ. "आजी, नमस्कार. नाव सांगा."

"सुगंधा गोविंद डोर्लेकर. रानार तिवरवाडी."

"मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा तुम्ही तिला खाडीचे मासे, तिसऱ्या खाऊ घातल्या?"

"घातल्या."

"वाचता येतं का तुम्हाला?"

"सातवी पास हाय मी."

बेंद्रेंनी पडद्यावर फोटो लावला. तिवरवाडीच्या धक्क्यावरची पिवळी पाटी. 'या पाण्यातील मासे व शिंपले खाऊ नयेत.' खाली कोपऱ्यात तारीख, चौदा नोव्हेंबर. "ही पाटी तुमच्या धक्क्यावर आहे. तारीख मुलगी यायच्या तीन दिवस आधीची. म्हणजे सरकारने तुम्हाला वेळेवर सांगितलं होतं. तुमची मुलगी आली तेव्हा ही पाटी तिथे होती की नाही, एवढंच सांगा."

 पाटी होती म्हटलं तर दोष खाणाऱ्यांचा. कंपनी सुटते, सरकार सुटतं, दुरुस्ती फेटाळली जाते आणि चौसष्ट मुलं यादीबाहेर. नव्हती म्हटलं तर पुढचा प्रश्न, पाटीला उशीर कोणी केला.

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"व्हती," ती म्हणाली. "पाटी व्हती, साहेब. मी वाचली पन. मला वाटलं, सरकार काय, कायपन लिवतं. आमी पिढ्यान्‌पिढ्या खाडीचं खातो. मीच ऐकलं नाय. पोरीला पाटी दाखवली नाय, तिला घराबाहेर सोडलं नाय. तिचा काय दोष नाय त्याच्यात. माजाच हाय."

खुर्च्यांवरून एक आवाज उठला. शिवी नव्हती, हुंदकाही नव्हता, कोणी पोटात गुद्दा मारल्यावर निघतो तसा. तिवरवाडीची एक बाई उभी राहून ओरडली, "काय गो सुगंधे, कधी व्हती पाटी? खोटं कशाला बोलतेस?" शिपायाने तिला खाली बसवलं. बेंद्रे हात जोडून म्हणाले, "माझे प्रश्न संपले. आजी प्रामाणिक आहेत."

ताम्हाणेबाई लिहू लागल्या. लेखणीचं टोक कागदावर टेकलेलं मला दिसत होतं. आणि मी तुम्हाला खरं सांगते, मी ताबडतोब उठले नाही. मनात हिशेब चालू होता. कौस्तुभची नोकरी तशी कच्ची, फ्लॅटचे हप्ते, जुईची शाळा. आईने तर सांगून टाकलंच आहे, आता तिला भर सभेत खोटं पाडायचं? ह्या बायांना दुसरा कुठला मार्ग निघेल. काढू आपण, दुसरा प्रस्ताव लिहू. नंतर बघू.

'नंतर बघू' हे शब्द मनात आले आणि मी उठले.

"मॅडम, साक्षीदार खोटं बोलत आहेत," मी म्हणाले. "त्या माझी आई आहेत आणि मला वाचवायला खोटं बोलत आहेत. त्या नोव्हेंबरात पाटी नव्हती. पाटी पुढच्या जुलैत लागली. आदेशाची फाईल सात महिने माझ्या सहीवर अडकली होती. ऑफिसने फोन केला तेव्हा मी सही दिली नाही. प्रणालीत प्रत्येक उघडझाप नोंदलेली असते. काढून बघा."

वाघधरे साहेबांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. बेंद्रे कागद चाळू लागले. ताम्हाणेबाईंनी चष्मा काढला.

"सही का दिली नाही?"

ह्या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं मनात उत्तरं तयार केली होती. नियम, पदभार, प्रकृती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"कंटाळा केला," मी म्हणाले.

 समोरच्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. एकीच्या मांडीवरच्या मुलाने तिचा चेहरा हातात धरून स्वतःकडे वळवला, काय झालं ते तिच्या ओठांवरून कळावं म्हणून, आणि ती त्याला काही सांगेना.

आई साक्षीदाराच्या खुर्चीतून उठली, माझ्या शेजारून गेली आणि बाहेर पडली. जाताना एवढंच म्हणाली, "कशाला गो बोललीस. माज्यावर खपलं असतं."

*

माहेर-दुरुस्ती दोन महिन्यांनी मंजूर झाली. अर्जात आता पत्त्याच्या दोन चौकटी आहेत, सासर आणि माहेर. प्रणालीच्या नोंदी काढल्या गेल्या, सगळं मी म्हटलं तसंच निघालं. त्रेसष्ट मुलं यादीत आली. त्यांतली नऊ तोवर आठ वर्षांची होऊन गेली होती, त्यांना उपचाराचा काही उपयोग नव्हता. नऊ जणांची नावं मला पाठ आहेत.

चौसष्टावं नाव जुईचं. त्याच्यापुढे शेरा पडला, 'पालक विभागीय चौकशीत असल्याने निर्णय राखून'. म्हणजे ज्या दाताने दुरुस्ती सिद्ध झाली त्याच दाताची मालकीण दारात उभी. कौस्तुभने मंत्रालयाच्या चकरा मारल्या. प्रत्येक टेबलावर माणूस चांगला भेटला, प्रत्येकाने सहानुभूती दाखवली आणि प्रत्येकजण म्हणाला, चौकशी संपू दे, मग बघू. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला तोंड हवं. मे महिन्यात जुईला आठवं पूर्ण होऊन चार महिने झाले आणि आम्ही अर्ज मागे घेतला.

कौस्तुभ माझ्याशी बोलतो. भाजी काय आणू, गॅस संपलाय, एवढं बोलतो.

निलंबनाचा आदेश घरी आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी जुईला घेऊन तिवरवाडीला गेले. सुनावणीनंतर पहिल्यांदाच. फोनवर आई नीट बोलायची, तेव्हा मला वाटलं होतं, निवळलं असेल.

आईने जुईला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाली, "बस, दमली असशील." मी हात-पाय धुवायला मागे गेले. चूल थंड होती. गॅसवर भांडं नव्हतं. मडक्यात पाणी नव्हतं, कोपऱ्यात विकतच्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग होता. ओट्यावर तालुक्याच्या खानावळीचा डबा, झाकणाला चिकटपट्टी तशीच.

"आई, तू घरी रांधत नाहीस?"

"माज्यापुरता करते थोडा भात," ती म्हणाली. "तुमच्यासाटी डबा सांगितलाय. खानावळवाला चांगला हाय, सरकारचा परवाना हाय त्याच्याकडं. मी बगितला."

"मला तुझ्या हातचं हवंय. साधा भात टाक, कुळथाची पिठी कर."

"नको."

"आई..."

"नको गो," ती म्हणाली. "माज्या हाताचा मला भरवसा नाय आता. तू सांगू नको मला काय. मी त्या कागदावर बोट ठिवलंय."

 मी पडवीत येऊन खांबाला टेकून बसले. जुई भूक लागली म्हणून आजीच्या मागे लागली होती. आईने फळीवरून बिस्किटांचा पुडा काढला, पदराने पुसला. उलटा करून डोळ्यांजवळ धरला आणि बारीक अक्षरांत छापलेलं सगळं वाचू लागली. कुठे बनवला, कधी बनवला, कधीपर्यंत खावा. एकेक शब्द सुटा सुटा करून, मोठ्याने, जुईला ऐकू जावं म्हणून.

"काय म्हणालीस आजी?" जुईने विचारलं.

आईने पुडा पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.